सापशिडीतले सात लोक

कागल तालुक्यातले बिद्री हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना साखर कारखान्यामुळे ठाऊक असेल. मागे एका हंगामात तिथल्या एका शिक्षक मित्राकडे मुक्कामाला होतो. सोप्यात पोरांचा सापशिडीचा डाव रंगला होता. एका मुलाची सोंगटी अगदी शंभराच्या तोंडाशी पोचली आणि सापाने तिला थेट खाली आणली. पोर रडकुंडीला आले. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, सापानं गिळलं म्हंजे मानूस जातंय कुठं?" मित्र म्हणाला, "खाली जातंय, दुसरं कुठं? टाक फासा." पोराचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आज बाजारात मिळणाऱ्या पटावर त्याचे उत्तर नाही, पण जुन्या पटावर होते. त्या पटाला आपल्याकडे मोक्षपट म्हणत, उत्तरेकडे ज्ञानचौपड. कापडावर किंवा कागदावर घरे आखलेली असत आणि प्रत्येक घराला नाव असे. कवड्यांचे दान पडेल तशी सोंगटी चाले. वैष्णवांच्या एका प्रचलित पटात बहात्तर घरे असत, आडवी नऊ आणि उभ्या ओळी आठ. जैनांचा चौऱ्याऐंशी घरांचा पट होता आणि सूफी परंपरेतलाही शंभरावर घरांचा पट मिळतो. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला असा एक बहात्तर घरांचा पट 1831 साली भेट मिळाला.

आता या बहात्तर घरांची मांडणी पाहू. शिक्षकांनी फळ्यावर आखून पाहिली तर अधिक बरे. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, याप्रमाणे नांगराच्या तासासारखे आकडे घालीत जावे. आता मधला उभा रकाना पाहा. पाच, चौदा, तेवीस, बत्तीस, एकेचाळीस, पन्नास, एकोणसाठ, अडुसष्ट. दर खेपेला नऊ मिळवायचे, एवढेच. या घरांची नावे वाचली म्हणजे मात्र नुसता हिशेब राहत नाही. भूलोक, भुवर्लोक, स्वर्गलोक, महर्लोक, जनलोक, तपोलोक, सत्यलोक आणि सर्वांत वर वैकुंठ! संध्येत ज्या सात व्याहृती म्हणतात, तेच हे सात लोक. ते पटाच्या मधोमध, घराच्या मधल्या खांबासारखे एकावर एक उभे केले आहेत. उरलेल्या घरांपैकी पुष्कळ म्हणजे माणसाच्या मनातल्या वृत्ती. विश्वाचा नकाशा आणि मनाचा नकाशा एकाच कापडावर.

शिड्याही वाटेल तशा टाकलेल्या नाहीत. विसाव्या घरातले दान महर्लोकाला नेते. दहाव्या घरातले तप स्वर्गाला. सतरावे घर दयेचे. तिथली शिडी एकदम एकोणसत्तराव्या घरात, ब्रह्मलोकात चढते. ऐकणाऱ्याला वाटेल, जिंकलो! पण वैकुंठ अडुसष्टात आहे, म्हणजे सोंगटी एक घर पुढे निघून गेली. पटावर मागे फिरता येत नाही. पुढे बहात्तरावर तमोगुण आहे आणि तिथला साप एकावन्नात, पृथ्वीवर आणून सोडतो. तिथून पुन्हा वाटचाल. वैकुंठाला थेट नेणारी शिडी एकच, चोपन्नाव्या घरातली भक्तीची. आणि त्या भक्तीच्या डोक्यावर कोणते घर आहे म्हणता? पंचावन्न, अहंकार. तिथला साप तिसऱ्या घरात, क्रोधात टाकतो. भक्तीचे दान एका कवडीने हुकले की माणूस अहंकारात! हा पट ज्याने आखला त्याने माणसे जवळून पाहिली असली पाहिजेत. देवळात पुढे बसण्यावरून झालेली भांडणे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वेगवेगळ्या पटांत नावे आणि साप थोडे बदलतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

तेव्हा त्या मुलाला उत्तर देता येते. सापाने गिळलेला माणूस क्रोधात जातो, लोभात जातो, मोहात जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण शिक्षक वर्गात ती सांगतात. मोक्षपट ज्ञानेश्वर महाराजांनी रचला, असे आपल्याकडे आदराने सांगितले जाते. महाराजांची समाधी 1296 सालची. त्या शतकातला एकही पट आज हाती नाही. जे जुने पट मिळतात ते बहुतेक अठराव्या शतकापासूनचे. कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातल्या या खेळावर 2019 साली प्रबंध सादर केला, त्यात याच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांचा विचार आहे. म्हणून मुलांना सांगताना "अशी परंपरा आहे" एवढेच म्हणावे. यात संतांचा अनादर होत नाही. त्यांची थोरवी एका पटावर थोडीच अवलंबून आहे!

पुढे हा खेळ विलायतेला गेला. 1892 साली लंडनच्या फ्रेडरिक हेन्री आयर्स यांनी सापशिडीचे पेटंट घेतले. सुरुवातीला तिथल्या पटांवरही सद्गुण-दुर्गुणांची चित्रे असत, पण लोक गेले, वैकुंठ गेले. हळूहळू चित्रेही गेली आणि नुसते आकडे उरले. तोच पट छापील होऊन आपल्या जत्रेत परत आला. अमेरिकेत 1943 साली तर सापही गेले आणि त्यांच्या जागी घसरगुंड्या आल्या.

गंमत अशी, की त्याच अमेरिकेत पुढे खेळात लोक परत आले. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. मंडळी टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एखाद्या योद्ध्याचे वा मांत्रिकाचे सोंग घेतो, एकजण कथा चालवतो आणि निकाल फाशांवर लागतो. आपल्या सोंगाची वृत्ती आधीच ठरवायची असते. नियमाने चालणारा की स्वैर, भला की दुष्ट, आणि मधले तटस्थ. 1978 च्या पुस्तकात असे नऊ प्रकार सांगितले. त्याच पुस्तकात या वृत्तींनुसार सोळा परलोक चाकाच्या आऱ्यांसारखे भोवती मांडले आहेत. भल्यांचे एका बाजूला, दुष्टांचे समोर. त्यात ग्रीकांचा ऑलिंपस आहे आणि चक्क 'निर्वाण'ही आहे, कडक शिस्तीच्या वृत्तीचा लोक म्हणून. बुद्धाने सांगितलेल्या निर्वाणाशी त्याचा संबंध नावापुरताच!

पण दोन्ही मांडण्यांतला फरक पाहण्याजोगा आहे. त्या चाकात जशी वृत्ती तसा लोक, आणि वृत्ती खेळाडूने आधीच निवडलेली. आपल्या पटात वृत्ती कोणी निवडत नाही. एकाच सोंगटीला दया भेटते, लोभ भेटतो, कुसंग भेटतो, आणि कवड्या हातून सुटल्यावर त्या कुणाच्या ताब्यात नसतात. आता दानावरच सारे चालले तर माणसाचे कर्म कुठे राहिले, अशी शंका कोणी काढील. शंका रास्त आहे. जुनी माणसे कवड्यांचे दान हेच पूर्वकर्माचे फळ समजत आणि घराचे नाव मोठ्याने वाचून पुढे जात. मला स्वतःला हे उत्तर पुरे पडत नाही, पण नाव वाचण्याची रीत आवडते.

बिद्रीच्या त्या मुलाला मी रात्री वहीच्या पानावर बहात्तर घरे आखून दिली. कवड्या त्याच्या आजीच्या डब्यात निघाल्या. पहिल्याच डावात तो चोविसाव्या घरातल्या कुसंगाच्या सापाने मदात पडला आणि शेजारच्या सोबत्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्येच्यामुळंच, सर!"