घोड्याचा चारा आणि मैलाचे पंचेचाळीस पेन्स

जानेवारीचा शेवटचा आठवडा ही आमच्या, हिशेबनिसांच्या, धंद्यातली सुगी. ३१ जानेवारीला ब्रिटनमध्ये वैयक्तिक प्राप्तिकराचं विवरणपत्र ऑनलाइन भरायची मुदत संपते आणि हॅरोतल्या माझ्या छोट्या ऑफिसात माणसं पिशव्या घेऊन येऊ लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी नागपूरकडचा एक तरुण आला. इस्पितळांच्या प्रयोगशाळांमधली यंत्रं दुरुस्त करायची त्याची कंपनी होती. भागधारक तोच, संचालक तोच, पाना-पकड घेऊन जाणारा कारागीरही तोच. त्याने बिस्किटांचा डबा उघडला आणि वर्षभराच्या पेट्रोलच्या पावत्या टेबलावर ओतल्या.

"ताई, एवढं सगळं कंपनीच्या खर्चात टाका."

"मैलांची वही कुठाय?" मी विचारलं.

"वही कशाला? कंपनी माझी, गाडी माझी. मीच मला पैसे द्यायचे, तर हिशेब कोणाला दाखवायचा?"

तो प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्याचं उत्तर शोधण्यात या देशाच्या कायद्याची दीडशेच्या आसपास वर्षं गेली आहेत. त्या संध्याकाळी पावत्या बाजूला सारून मी त्याला ती गोष्ट सांगितली.

तिची सुरुवात माझ्यापुरती कराडला होते. माझे वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. महिनाअखेर ते कंदिलाजवळ बसून फिरतीची डायरी पुरी करत: निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, कुठून कुठे, कशासाठी. त्या डायरीवरून टीए, म्हणजे प्रवासभत्त्याचं, बिल बनायचं. येताना वाटेत आत्याकडे जेवून आले असतील, तर तेवढा फाटा ते बिलात धरत नसत. भत्ता हा पगार नव्हे, हे त्यांचं साधं म्हणणं होतं.

भत्त्याचा पगार झाला की काय होतं, हे आपल्याकडच्या इतिहासाने फार आधी पाहिलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीने आपला 'भत्ता' शब्द इंग्रजीत 'बॅटा' करून नेला. मोहिमेवरच्या वाढीव खर्चासाठी दिलेला दुहेरी भत्ता बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या इतका अंगवळणी पडला, की १७६६ साली गव्हर्नर क्लाइव्हने तो काढून घेतल्यावर त्यांनी एकजुटीने राजीनामे देऊन बंड मांडलं. खर्च भरून देण्यासाठी असलेला पैसा त्यांनी मिळकतीत धरला होता. पुढे प्राप्तिकर आला, तेव्हा कर घेणाऱ्यांच्या मनात हीच धास्ती होती: प्रवासखर्चाच्या नावाखाली बिनकराचा पगार तर जात नाही ना?

ब्रिटनमध्ये १८५३ साली अर्थमंत्री ग्लॅडस्टनच्या काळात झालेल्या प्राप्तिकराच्या कायद्याने नोकरी करणाऱ्याला, पद सांभाळणाऱ्याला एक सवलत दिली. कर्तव्य बजावताना करावा लागलेला प्रवास आणि कर्तव्यासाठी पाळावा लागलेला घोडा, यांचा खर्च मिळकतीतून वजा करता येईल. इतर खर्चाला मात्र तीन कुलपं लावली: तो सर्वस्वी, केवळ आणि अपरिहार्यपणे कर्तव्यासाठीच झालेला असला पाहिजे. आगगाड्या वाढल्या, मोटारी आल्या, मोटारींसाठी महामार्ग बांधले गेले, तरी घोडा कायद्यातून हलला नाही. ६ एप्रिल १९९८ पासून नवे प्रवास-नियम लागू झाले, तेव्हा तो एकदाचा तबेल्यातून सुटला. तोवर त्याने १४५ वर्षं काढली होती.

एवढी वर्षं न्यायालयात भांडण चाललं ते एकाच मुद्द्यावर: काम सुरू कुठे होतं?

रिकेट्स नावाचे एक बॅरिस्टर लंडनमध्ये राहत, तिथेच वकिली करत आणि पोर्ट्समथला रेकॉर्डर, म्हणजे अर्धवेळ न्यायाधीश, म्हणून जात. त्यांनी रेल्वेचं भाडं, हॉटेलचा खर्च आणि झगा-टोपाची पत्र्याची पेटी कोर्टात वाहून नेण्याची मजुरीसुद्धा मागितली. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि ते हरले. त्यांचं काम पोर्ट्समथच्या कोर्टात सुरू होतं. लंडनला राहणं ही त्यांची स्वतःची निवड होती. त्या पदावर बसणाऱ्या कोणालाही जो खर्च टळणारच नाही, तोच पदाचा खर्च. १९२६ च्या निकालसंग्रहात छापलेला हा निवाडा पुढे पिढ्यान्‌पिढ्या नोकरदारांच्या आड आला.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांचीही तीच कथा. १९५२ साली न्यूसम या बॅरिस्टरांनी व्हिप्सनेडच्या घरापासून लंडनच्या लिंकन्स इनमधल्या कचेरीपर्यंतच्या प्रवासाचा खर्च मागितला. घरी ते अभ्यास करत, कागद वाचत. तरी अपील न्यायालयाने नाही म्हटलं. न्यायमूर्ती डेनिंग यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. हा कर आला तेव्हा दुकानदार दुकानाच्या माडीवर आणि डॉक्टर दवाखान्याच्या वर राहत असे. घर आणि काम यांत अंतरच नव्हतं, मग त्या अंतराचा खर्च कोण मागणार? रेल्वेने अंतर निर्माण केलं आणि प्रश्नही. आपल्या पेठांमधल्या वाड्यांत तळमजल्यावर पेढी आणि वर बिऱ्हाड असायचं, ते आठवलं की हे मुद्दाम समजावून सांगावं लागत नाही.

मग वेल्समधल्या फिशगार्डच्या डॉ. ओवेन यांचा खटला आला. ते गावात दवाखाना चालवत आणि १५ मैलांवरच्या हॅव्हरफर्डवेस्टच्या इस्पितळात तातडीच्या रुग्णांसाठी त्यांची अर्धवेळ नेमणूक होती. फोन वाजला की ते घरूनच सूचना देत आणि गाडी काढत. इस्पितळ त्यांना मैलाच्या हिशेबाने भत्ता देई, पण दहा मैलांपुरताच. वरचे पाच मैल त्यांच्या खिशातून. १९६९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. फोन उचलला त्या क्षणी रुग्णाची जबाबदारी त्यांच्यावर आली, म्हणजे काम घरीच सुरू झालं होतं. पुढचा रस्ता हा दोन कामाच्या जागांमधला रस्ता. रात्री रिसीव्हर खाली ठेवून गाडीची किल्ली शोधणारा तो डॉक्टर माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. कायदा माणसाकडे नीट पाहतो, तेव्हा तो असा दिसतो.

"पण ताई," तरुण म्हणाला, "यांना पैसे देणारा दुसरा कोणीतरी होता. माझ्याकडे मीच."

म्हणून मग मी त्याला एका चांभाराकडे नेलं. लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या ॲरन सॉलोमन यांचा बूट बनवण्याचा धंदा होता. १८९२ साली त्यांनी त्याची कंपनी केली. बायको आणि पाच मुलं यांच्या नावावर एकेक शेअर, बाकी सगळं त्यांचं. कंपनी बुडाली, तेव्हा धनको म्हणाले, कंपनी म्हणजे सॉलोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ साली ठणकावून सांगितलं: नाही. रीतसर नोंदलेली कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, मालक एकटा असला तरी. त्या निकालावर आजची प्रत्येक एकट्याची कंपनी उभी आहे. म्हणून माझ्यासमोर बसलेला तरुण एकटा नव्हताच. तो आणि त्याची कंपनी असे दोघे होते. संचालक हा कंपनीचा पदाधिकारी, त्यामुळे कराच्या नजरेत तो कंपनीचा नोकर. धन्याने नोकराला दिलेल्या प्रत्येक पौंडाचं कारण कागदावर हवं, आणि दोघांचे हात एकाच माणसाचे असतील तर जास्तच हवं.

नोकराने कामासाठी स्वतःची गाडी वापरली, तर धन्याने मैलामागे करमुक्त द्यायचा दर कसा ठरला, तेही जुनंच. १९९० च्या दशकात इंजिन जितकं मोठं तितका मैलाचा दर जास्त असे आणि ४,००० मैलांनंतर तो उतरे. मोठी गाडी बाळगणाऱ्याचा त्यात फायदा होता. एप्रिल २००२ पासून इंजिनाचा भेद गेला: पहिल्या १०,००० मैलांना ४० पेन्स, पुढे २५, गाडी कुठलीही असो. त्याच महिन्यापासून कंपनीच्या गाडीवरचा करही धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर मोजू लागले. एप्रिल २०११ मध्ये ४० चे ४५ झाले आणि मग पेट्रोल वरखाली होत राहिलं तरी दहा वर्षांहून जास्त काळ आकडा तिथेच थांबला. मोटारसायकलला २४ आणि सायकलला २० पेन्स. कामासाठीच येणाऱ्या सहकाऱ्याला स्वतःच्या गाडीत घेतलं तर मैलाला वर ५. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, झीज, सगळं या दरातच आलं. म्हणून ४५ पेन्स घेऊन शिवाय पावत्यांचेही पैसे घेता येत नाहीत. पावत्या ठेवायच्या त्या व्हॅटसाठी: कंपनी नोंदणीकृत असेल तर दरातल्या इंधनाच्या भागावरचा व्हॅट मिळतो.

मी त्याला कागदावर गणित मांडून दाखवलं. वर्षात ११,५०० मैल झाले, तर पहिल्या दहा हजारांचे ४,५०० पौंड आणि वरच्या दीड हजारांचे ३७५, मिळून ४,८७५ पौंड. ते त्याच्या हाती करमुक्त पडतात आणि कंपनीच्या नफ्यातून खर्च म्हणून वजा होतात. पण घरापासून कायमच्या कामाच्या जागेपर्यंतचे मैल यात नाहीत. एकाच जागी कामाचा ४० टक्के किंवा जास्त वेळ जाणार असेल आणि तिथलं काम २४ महिन्यांपलीकडे जाणार असेल, तर ती जागाही कायमची ठरते. आणि जास्त काळ जाणार हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासूनच. रिकेट्स आणि न्यूसम हरले तो मुद्दा आजही जिवंत आहे, फक्त आता त्याला आकडे चिकटले आहेत. आमच्या मराठी आयटीवाल्यांना तर दुहेरी सांभाळावं लागतं: ज्यांचं कंत्राट आयआर-पस्तीसमध्ये, म्हणजे झाकलेली नोकरी म्हणून धरलं जातं, त्यांना एप्रिल २०१६ पासून घर ते ग्राहकाची कचेरी हा खर्च साधारणपणे मिळत नाही.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे वही कंपनीसाठी."

"वही तुझ्यासाठी. तारीख, कुठून, कुठे, कशासाठी, किती मैल. ज्या दिवशी गेलास त्याच दिवशी लिही. वर्षाखेरीला आठवून लिहिलेली वही म्हणजे अंदाज. रोज लिहिलेली वही म्हणजे साक्ष."

त्या वर्षी आम्ही इस्पितळांच्या जॉब-शीटवरून जेवढे प्रवास सिद्ध होत होते, तेवढेच धरले. रक्कम त्याच्या अपेक्षेच्या निम्मी निघाली. पुढच्या जानेवारीत तो डब्याऐवजी लांबट वही घेऊन आला. पानं चाळताना एका शुक्रवारी थांबले: हॅरो ते रेडिंग, रेडिंग ते हॅरो, सेंट्रिफ्यूज दुरुस्ती. मैलांचा आकडा खोडून सहाने कमी केला होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'येताना छकुलीला पोहण्याच्या क्लासवरून घेतलं.'

तो त्याच्या फोनवर काहीतरी पाहत होता. मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. कराडच्या घरातल्या त्या डायरीतला आत्याकडचा फाटा अशाच बारीक अक्षरात लिहिलेला असायचा.