विहीर खणायचं पथ्य

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला अकरावा अध्याय प्रमेहावर आहे; मधुमेह त्यातलाच. रोग बळावलेल्याला तिथे व्यायाम, कुस्ती, हत्ती-घोड्यांवरची रपेट सांगितली आहे. ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याने वहाणा न घालता, छत्री न धरता, भिक्षा मागत शंभर योजनं चालावं. नाहीतर शेत कसावं, विहीर खणावी. मी ग्रंथपाल होते तेव्हा हे वाचून हसू आलं होतं. मला स्वतःला मधुमेह निघाल्यावर पुन्हा वाचलं आणि विहिरीपाशी अडले. विहीर खणायची म्हणजे पहार उचला, कुदळ हाणा, मातीची पाटी डोक्यावर घेऊन वर चढा. दंड, पाठ, मांड्या, सगळ्यांची वरात. (अनवाणी चालायचं तेवढं सोडा. मधुमेह्याच्या पायाची जखम कळतही नाही आणि भरतही नाही.) आणि पुढे लगेच ताकीद आहे: रोगी कृश असेल तर त्याला जपा. लठ्ठ आणि रोडका यांना एकाच काठीने हाकायचं नाही, ही समज त्या काळची आहे.

युरोपातही मधुमेह्याला व्यायाम सांगितला गेला. पॅरिसचे बुशार्दा एकोणिसाव्या शतकात आपल्या रुग्णांना घाम गाळायला लावत. इन्सुलिन निघालं १९२१ साली. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि १९२३ साली मिळालेल्या इन्सुलिनमुळे वाचले. व्यायामाने इन्सुलिनचा जोर वाढतो, हे त्यांनी १९२६ साली छापून दाखवलं.

तरीही माझ्या आईच्या वेळेपर्यंत मधुमेह्याला सल्ला एकच: चाला. वजन उचलायचं म्हटलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठी. रक्तदाब चढेल, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव होईल. ही भीती निराधार नव्हती, पण ती सरसकट सगळ्यांना लावली गेली. आई इमानेइतबारे चालली आणि शेवटी तिला खुर्चीतून उठायला हात द्यावा लागे. मांड्याच उरल्या नव्हत्या. २००२ साली बोस्टनच्या एका अभ्यासात वयस्कर मधुमेह्यांना सोळा आठवडे वजनं उचलायला लावली, तर त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.७ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातूनही तसाच निकाल आला. कारण सरळ आहे. जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त रिचवतात ते स्नायू, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर आत ओढतो.

पुण्याला स्नायूंचं हे गणित जास्त लागू आहे, आणि त्याचा पुरावाही पुण्यातच मिळाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला सडपातळ, आतून चरबी. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडच्या साऊदॅम्प्टनमधल्या बाळांचं साडेतीन. तूट होती ती स्नायूंत. चरबी बऱ्यापैकी जागच्या जागी. म्हणजे आपल्यातले कित्येक जण साखर ठेवायची कोठारंच कमी घेऊन जन्माला येतात.

याच शहरात पेठोपेठी तालमी होत्या. मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या नावात ‘तालीम’ राहिली, तालीम गेली. मी जाते ती जिमही जुन्या तालमीच्या जागेवर आहे. हौद्यातली लाल माती, तिच्यात मुरवलेलं ताक, तेल, हळद, सगळं फरशीखाली गेलं. कोपऱ्यात एक करेला, म्हणजे जड मुद्गल, तेवढा उभा आहे, मूठ घासून गुळगुळीत झालेली. तो कोणी उचलत नाही. मी उचलून पाहिला, जेमतेम गुडघ्यापर्यंत आला.

तालमीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवली जाते. जोर-बैठकांबरोबर खुराक असे: दूध, तूप, बदाम, थंडाई. लग्न झालं, धंदा लागला की जोर सुटत. खुराक सुटत नसे. आमच्या आळीतल्या नावाजलेल्या पैलवानांची पोटं पन्नाशीनंतर कशी सुटली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. अर्थात दोष तालमीचा नव्हता.

मधुमेह असेल आणि वजनं उचलायची असतील तर आधी डोळ्याचा पडदा, रक्तदाब आणि पाय तपासून घ्या. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि खिशात साखर ठेवा. उचलताना दम कोंडू नका. मग खुर्चीचा आधार घेऊन का होईना, बैठकांपासून सुरुवात करा.