घोडनदीकाठचं तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव

मंडळी, आपल्या शिरूर-दौंडचा इतिहास सांगायला बसलं की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. वढू-तुळापूर, रांजणगावचा महागणपती, कोरेगावची लढाई, इंग्रजांची घोडनदीची छावणी. या सगळ्याच्या कितीतरी आधी आपल्या शिवारात एक गाव नांदत होतं. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकात ते होतं, म्हणजे देशभरातल्या पोरांनी ते परीक्षेसाठी पाठ केलं. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

ते म्हणजे शिरूर तालुक्यातलं, घोडच्या उजव्या काठावरचं इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. वस्ती इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७००, म्हणजे तब्बल नऊशे वर्षं. पुणे शहराचं कौतुक करणाऱ्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा!

भरभराटीच्या काळात इथं चौकोनी घरं होती, कुंभाराची भट्टी होती, धान्याचं कोठार होतं. सातू हे मुख्य पीक, जोडीला गहू आणि कडधान्यं. पुराचं पाणी वळवायला पाट खणलेला आणि दगडमातीचा बांध घातलेला. पाटपाण्याची अक्कल आपल्याला धरणं आल्यावर आली, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

मेलेल्यांना ते घरातच पुरत. लहान लेकरू गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि जमिनीखाली पुरायचे. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले सापडतात. मेलेला माणूस भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. पण पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष निघाला. त्याचे पाय शाबूत! शेजारीच कोठार. गावचा प्रमुख असणार, दुसरं काय.

मग पाऊस आटत गेला. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, सातू कमी झाला, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भर वाढला. शेवटी गाव उठलं. आज त्याच घोडेच्या पाण्यावर आपण ऊस उभा करतोय, आणि उन्हाळ्यात आवर्तनासाठी भांडतोय.

इनामगावच्या वस्तू बघायच्या तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं लागतं. अहवाल १९८८ साली इंग्रजीत निघाला. माझं म्हणणं एवढंच, की शिरूर किंवा दौंडमध्ये एका खोलीत तरी नकाशा, फोटो आणि मराठीत माहिती हवी. पंचायत समितीला हे काही अवघड नाही. शाळांच्या सहली महाबळेश्वरला जातात, एक इकडे वळवायला काय हरकत?

आणखी एक. त्या वेळी विशीत असलेली माणसं आता साठीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, भावकीत कुणी त्या खोदकामावर रोजानं गेलं असेल, तर त्यांना विचारून काय काय आठवतं ते खाली लिहा. फोटो असेल तर तोही टाका.