ऑल टाइम फेवरिट, म्हणजे नक्की कुठल्या टाइमपासून?

तर मंडळी, झालं असं की शनिवारी दुपारी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच मान टाकून बसलेली, मोबाईलवर दहा टक्के. अशा वेळी नवरा-बायको एकमेकांशी बोलतात असं ऐकून होतो, म्हणून म्हटलं करून बघूया. बायको म्हणाली, "चल, आपल्या दोघांचे ऑल टाइम फेवरिट पिक्चर लिहून काढू. पाच तुझे, पाच माझे. भांडायचं नाही."

माझे पाच: दीवार (१९७५), सिंहासन (१९७९), जाने भी दो यारों (१९८३), अशी ही बनवाबनवी (१९८८) आणि लगान (२००१). तिचे पाच: मंथन (१९७६), उंबरठा (१९८२), मासूम (१९८३), श्वास (२००४) आणि कोर्ट (२०१५). बनवाबनवी तिलाही हवा होता, पण मी आधी लिहिला म्हणून तो माझ्या खात्यात गेला. यावरून भांडण झालंच. असो.

यादी वर्षाप्रमाणे लावली (सवय, दुसरं काय) आणि एक गोष्ट खटकली. आमच्या यादीतला सगळ्यात जुना पिक्चर १९७५ चा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला ३ मे १९१३ रोजी. म्हणजे मधली तब्बल ६२ वर्षं आमच्या हिशेबात नाहीतच! ऑफिसात कुणी असा रिपोर्ट दिला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, की बाबा रे, आधीच्या लॉग फाइल्स कुठे आहेत?

संध्याकाळी आम्ही बायकोच्या आजीकडे गेलो होतो. आजी कोल्हापूरची, जन्म १९३७ चा. तिला विचारलं, आजी तुझा आवडता सिनेमा कोणता? मला वाटलं 'श्यामची आई' म्हणेल. आजी म्हणाली, "सावकारी पाश."

"तू कधी पाहिलास?"

"मी कुठला पाहत्येय? माझ्या वडिलांनी पाहिलेला. मुका होता तो. ते रात्री अंगणात आम्हाला सांगायचे सगळा. ते झोपडं, तो अंधार आणि ते कुत्रं रडतंय. जावईबापू, मुक्या सिनेमातलं कुत्रं रडताना आम्हाला ऐकू यायचं बघा."

बायको म्हणाली, "आजी, न पाहिलेला सिनेमा फेवरिट कसा असेल?" आजी म्हणाली, "का? तुम्ही रामाला पाहिलंयत?" विषय संपला.

घरी येऊन शोधायला बसलो. म्हटलं कुठेतरी असेलच, आजीला टीव्हीवर लावून दाखवू. आणि मग कळलं की तो नाहीये. कुठेच नाहीये. आज या पिक्चरची एकही प्रत उपलब्ध नाही.

आता हा पिक्चर काय होता ते थोडक्यात सांगतो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा या माणसाने १९१८ च्या सुमारास स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला, आणि त्यात त्यांना साथ होती विष्णुपंत दामल्यांची. तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. देवादिकांचे, पुराणातले पिक्चर जोरात चालत असताना १९२५ साली बाबूरावांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवर 'सावकारी पाश' काढला. एका शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि त्या शेतकऱ्याला शहरात जाऊन गिरणीत मजुरी करावी लागते, एवढीच गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. विचार करा, 'दो बीघा जमीन' यायला अजून २८ वर्षं होती.

आणि गंमत म्हणजे तो झोपडीचा आणि कुत्र्याचा प्रसंग! पुढे स्वतः मोठे निर्माते झालेल्या जे. बी. एच. वाडियांनी या चित्रपटाची जी आठवण लिहून ठेवली, त्यातही हेच आहे: अंधारी झोपडी आणि विव्हळणारं कुत्रं. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आजीच्या वडिलांनी थापा मारल्या नव्हत्या. म्हणजे पिक्चर गेला, पण त्यातला एक शॉट दोन माणसांच्या डोक्यात वेगवेगळा सेव्ह झाला होता आणि दोन्ही प्रती जुळत होत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर चेकसम मॅच झाला.

मग प्रश्न पडला की गेला कुठे? आणि हा एकच गेलाय का? तर नाही. भारतात मूकपटांच्या काळात साधारण तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले असं मानतात. त्यातले आज पूर्ण किंवा तुकड्यातुकड्यांत मिळून जेमतेम तीसेक शिल्लक आहेत. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं सापडतं, आणि ते तरी १९१३ चंच की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. त्याचीही प्रत नाही. लोकांच्या झुंबडीचे किस्से उरले, पिक्चर नाही.

याची कारणं बघितली तर त्यात खलनायक असा कुणी नाहीये, हेच जास्त त्रासदायक आहे. पहिलं कारण रसायनशास्त्र. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. दिसायला सुंदर, पण बंदुकीच्या दारूची चुलत बहीण. एकदा पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच तयार करते, त्यामुळे पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आणि पेटली नाही तरी आपल्याकडच्या उष्ण दमट हवेत हळूहळू चिकट होते, मग तिची पावडर होते. ही फिल्म बनवणं जगभरात १९५० च्या सुमारास थांबलं, म्हणजे आपली मूकपटांची अख्खी पिढी आणि प्रभातचा सगळा सुवर्णकाळ याच ज्वालाग्राही पट्टीवर.

दुसरं कारण चांदी. कृष्णधवल फिल्मवर जे चित्र दिसतं ते म्हणजे प्रत्यक्षात चांदीचे बारीक कण असतात. पिक्चर चालून चालून जुना झाला, बोलपट आल्यावर मूकपटाला कुणी विचारेना, मग गोदामाचं भाडं कोण भरणार? रिळं भंगारात गेली आणि धुऊन त्यातली चांदी काढली गेली. निर्मात्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं बहुतेक. स्टोरेज कॉस्ट रोजची आणि उपयोग शून्य. आपणही सर्व्हर भरला की सगळ्यात आधी जुना डेटाच उडवतो ना?

तिसरं कारण म्हणजे सांभाळायचं कुणी हे ठरलेलंच नव्हतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ साली. 'राजा हरिश्चंद्र'नंतर ५१ वर्षांनी! बॅकअप पॉलिसी यायला ५१ वर्षं. तोवर बहुतेक मूकपट गेलेले होते.

जे थोडंफार उरलं त्याचं मोठं श्रेय एका माणसाला जातं, पी. के. नायर. मूळचे केरळचे. १९६५ साली संग्रहालयात रुजू झाले आणि १९९१ मध्ये संचालक म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात गावोगाव फिरून, गोदामं धुंडाळून, लोकांच्या विनवण्या करून त्यांनी रिळं गोळा केली. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९), ज्यात फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे, तो आपण आज बघू शकतो तो नायरांमुळे. 'अछूत कन्या', 'किस्मत', उदय शंकर यांचा 'कल्पना' ही त्यांनी जमवलेली आणखी काही नावं. त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट केला, जरूर बघा. २०१६ साली नायर पुण्यातच गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि खरं सांगायचं तर मला हे नावसुद्धा माहीत नव्हतं.

बरं, संग्रहालय झालं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, जिथे एकेकाळी प्रभात स्टुडिओ होता त्याच आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची हजारो रिळं जळाली. म्हणजे एकदा वाचलेले दुसऱ्यांदा मेले.

हे सगळं वाचून बायकोला सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपली यादी चांगल्या सिनेमांची नाहीये. उरलेल्या सिनेमांची आहे." इंजिनिअर मी, पण सर्व्हायव्हरशिप बायस मला कॉमर्सवालीने समजावून सांगितला. :)

मग तिचा 'मंथन' आठवला. तो १९७६ चा, श्याम बेनेगलांचा. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढलेला. इतका अलीकडचा, म्हणजे रंगीत, म्हणजे सुरक्षित असणार असं मला वाटत होतं. पण फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचं पुनरुज्जीवन करायला घेतलं तेव्हा चित्राची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात मिळाली, आणि आवाज मात्र वेगळ्या जपून ठेवलेल्या प्रिंटवरून घ्यावा लागला. २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर आपल्याकडे थिएटरातही लागला. आम्ही तो तेव्हाच पाहिला होता. स्मिता पाटील समोर एवढी मोठी, एवढी स्वच्छ दिसली म्हणून बायको रडली होती. त्या एका दृश्यामागे किती लोकांनी काय काय जपलं होतं हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही एक केलं. 'सावकारी पाश' तर मिळणार नव्हता, पण ज्या ना. ह. आपट्यांची ती कथा, त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर शांतारामांनी १९३७ साली, म्हणजे आजीच्या जन्माच्या वर्षी, प्रभातसाठी 'कुंकू' काढला होता. तो आहे. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही बाबूरावांच्याच कंपनीतून बाहेर पडलेली मंडळी. सीताराम कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९२९ मध्ये प्रभात काढली, त्यामुळे नातंही जवळचं. आजीला मध्ये बसवून तिघांनी पाहिला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा, शांता आपटे, त्या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते. १९३७ साली! अख्ख्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, जे आहेत ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. नीरा मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तेव्हा बायको उठून बसली. आणि केशवराव दात्यांनी तो म्हातारा नवरा असा केलाय की आधी राग येतो आणि शेवटी पोटात तुटतं. शेवट सांगत नाही.

पिक्चर संपल्यावर आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या आईचं लग्न असंच झालं होतं." बायकोला हे माहीत नव्हतं. माझ्या सासूबाईंनाही माहीत नव्हतं. आजीच्या ज्या वडिलांनी अंगणात बसून पोरांना 'सावकारी पाश' सांगितला, ते दुसरेपणावरचे होते, वयाने बायकोपेक्षा वीस वर्षांनी मोठे. ८०-८५ वर्षं ही गोष्ट फक्त आजीच्या डोक्यात होती. सिंगल कॉपी, नो बॅकअप.

त्या दिवशी मी आजीच्या परवानगीने मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. पावणेदोन तास. त्यात अकरा मिनिटं 'सावकारी पाश' आहे, तिला जसा सांगितला गेला तसा, कुत्र्याच्या आवाजासकट. तीन ठिकाणी कॉपी ठेवली आहे.

यादी आम्ही दुरुस्त केली. माझा 'लगान' गेला (दुःख झालं, पण ठीक आहे) आणि 'कुंकू' आला, तोही बायकोच्या खात्यात. शिवाय अकराव्या नंबरवर 'सावकारी पाश', १९२५, बाबूराव पेंटर. बायकोने त्यापुढे कंसात लिहिलंय: आजीकडून ऐकलेला.

तुमच्या घरी कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर या रविवारी त्यांना त्यांचा आवडता पिक्चर विचारा. आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा.