मोत माउलीच्या पायऱ्यांवर

मोबाइल ठाकुर्लीच्या फलाटावरच ठेवा. १९३०च्या सुमाराला तो कुणाला लावणार? आणि वाचकबुवा, तुम्हीही पदर खोचा. आजची वाट बायकांची आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, कडेवर अजून कुणी नाही, म्हणून तुम्ही वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला निघाल्या आहात.

रुळांपलीकडे चोळ्याच्या पॉवर हाऊसचा धूर घशात खवखवतो. तिथल्याच विजेवर धावणारी गाडी येते आणि तुम्ही बायकांच्या डब्यात कोंबल्या जाता. ओली लुगडी, खोबरेल, कुणाच्या तरी टोपलीतला सुका बोंबील. दादरला पूल ओलांडायचा, बीबीसीआयची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची, गाडी धरायची, वांद्र्याला उतरायचं.

पुढे पायीच. सर नुकतीच पडून गेलीय आणि लगेच ऊन तापलंय. हिल रोडच्या चिखलात चपलेचा अंगठा तुटतो; हातात घ्या आणि चला, मागची गर्दी थांबू देणार नाही. पिपाण्या, रडणारी पोरं, भाजलेले चणे, पाकात घोळलेले काडयो-बोडयो. आज उपास असेल तर तिकडे पाहू नका.

टेकडीखाली मेणवाल्या बायका. मेणबत्त्यांशेजारी मेणाचे हात, पाय, डोळे आणि बाळं.

"काय गो, पोरगा का पोरगी?"

तुम्ही गडबडता. घरी हे कुणी विचारलंच नव्हतं. तिथे मुलगाच धरलेला.

"कुणीही द्या."

ती हसते आणि हातातलं पहिलं बाळ पुढे करते. तळहाताच्या उबेने ते चिकट होतं. जास्त दाबू नका, पाठीवर बोटाचा ठसा उमटेल.

पायऱ्या चढताना पुढे दांड्याची कोळीण, तिच्या टोपलीत मेणाचा पाय: मुलगा होडीतून पडलाय. ही मूर्ती कोळ्यालाच समुद्रात सापडली, असं ती सांगते, आणि त्या हक्काने वाट काढते. मागे एक पारशीण, तिच्यामागे बुरख्यातली बाई. एक जण खरंखुरं, किंचाळणारं बाळ घेऊन नवस फेडायला आलीय. तिचा हेवा वाटतो ना? वाटू द्या.

१९०४चं हे चर्च तसं नवंच. आत मेणाचा, धुपाचा आणि घामाचा दाट वास. लॅटिन प्रार्थना कोळणीलाही कळत नाही. बायका आपापल्या भाषेत पुटपुटतात. समोरच्या मारियेच्या हातातही बाळ आहेच. तुम्ही मेणाचं बाळ ठेवता, आणि बोलायचं ठरवलेलं सगळं विसरता. मागून कोपर बसतं. नंबर दुसरीचा आहे.

आता परत या. जत्रा आजही ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. ठाकुर्लीकरांनो, गाडी अजूनही दादरलाच बदला, आणि शक्यतो रविवार टाळा.