माहुलीचा कडा आणि देव्हाऱ्याजवळची फिरंग

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासपर काही लिहावे, अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. आमची हयात शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शाळांत मुले शिकविण्यात गेली. मोठ्या ग्रंथांचा व्यासंग आम्हांस नाही. तेव्हा दसऱ्याला आपण ज्या वस्तूची पूजा करतो, तिच्याविषयीच चार शब्द लिहावेत असे योजिले.

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत सरळ पात्याची जुनी तरवार आहे. वडीलधारी माणसे तिला 'फिरंग' म्हणत. हे नाव उगीच पडलेले नाही. सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीज आदी युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जर्मनी, इटली, स्पेन या देशांत घडलेली पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत. जर्मनीतील सोलिंगन हे गाव तर पात्यांसाठीच प्रसिद्ध होते. इकडचे कारागीर त्या पात्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. बोटांच्या रक्षणासाठी परज असे आणि मुठीच्या माथ्यावर गज असे. दुसऱ्या हाताने तो गज धरून दोन्ही हातांनी वार करता येई. पाते परदेशचे, मूठ देशी आणि मनगट आपल्या वाडवडिलांचे, असा हा त्रिवेणी संगम होय.

युरोपात अशा पात्यांनी कसे लढत, हे पाहणे बोधप्रद आहे. तेथील मध्ययुगीन सरदार आरंभी लोखंडी कड्यांचे व पुढे पोलादी पत्र्यांचे चिलखत अंगावर घालून लढे. पूर्ण चिलखत २०-२५ किलो भरे. त्यावर तरवारीचा काप चालेना, तेव्हा डाव्या हाताने पाते मध्यावर धरून चिलखताच्या सांध्यांत टोक खुपसण्याची रीत निघाली. पंधराव्या शतकात हान्स तालहोफर नामक जर्मन वस्तादाने असे डावपेच सचित्र पोथ्यांत नोंदवून ठेविले. मात्र चिलखतानेही सर्वत्र निभावत नसे. १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच सरदार चिखलात रुतले आणि इंग्रज तिरंदाजांनी त्यांची दाणादाण उडविली.

आता आपला मुलूख पाहावा. गोरखगडाच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत, त्यांस वेगळे सांगणे नलगे. तेथे जड चिलखत म्हणजे मरणाचेच ओझे! म्हणून इकडे अंग हलके ठेवून चपळाईने लढण्याची रीत पडली. पट्ट्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत झाकलेला असे व लवचीक पाते चहूबाजूंनी फिरविता येई. विट्याला दोरी बांधलेली असे. फेकलेला विटा तिने ओढून परत घेता येई. पोलाद एकच, परंतु भूमी बदलली की हात बदलतो.

तथापि, केवळ शौर्याने गड पडत नाहीत, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. १२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजाने रोचेस्टरच्या किल्ल्याखाली सुरुंग खणून, चाळीस डुकरांच्या चरबीने आतील लाकडी टेकू पेटविले. बुरुजाचा कोपरा ढासळला, तरी आतले लोक लढत राहिले; अखेर शरण आले ते उपासमारीमुळे.

आपल्या माहुलीनेही वेढे सोसले. १६३६ साली शहाजीराजे याच गडावर मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडले व त्यांस तह करावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेली. ती परत घेण्यासाठी श्रीशिवछत्रपतींच्या मावळ्यांनी फेब्रुवारी १६७० मध्ये रात्रीच्या वेळी शिड्या लावून चढाई केली. परंतु किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. वर पोचलेले बहुतेक वीर कापले गेले व महाराजांस माघार घ्यावी लागली. पुढे मनोहरदास तेथून गेला आणि त्याच वर्षी जून महिन्यात मोरोपंत पिंगळे यांनी गड जिंकला. जिंकणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली. फेब्रुवारीच्या त्या रात्री जे पडले, त्यांच्या काळाची साक्ष आता अशी शस्त्रेच देऊ शकतात.

येथे आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. लहानपणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरची फिरंग विटेच्या भुग्याने घासण्याचे काम आमच्याकडे असे. पाते लखलखले की आजोबा शाबासकी देत. पात्यावर मुठीजवळ कुत्र्यासारखे पुसट चित्र होते, एवढे आम्हांस स्मरते. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की, सोलिंगनचे कारागीर पात्यावर धावत्या लांडग्याची खूण कोरीत. लगबगीने घरी जाऊन पाहिले, तो पाते आरशासारखे गुळगुळीत! जी खूण समुद्र ओलांडून आली, लढायांतून वाचली, ती आम्ही आपल्याच हातांनी भक्तिभावाने पुसून टाकली होती.

म्हणून ज्ञातिबांधवांस व विशेषतः भगिनींस हात जोडून विनंती की, शस्त्र घासू नये. मऊ कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. लांबी मोजावी, खुणेचे छायाचित्र घ्यावे आणि ते कोणाकडून घरात आले हे वृद्धांस विचारून वहीत लिहून ठेवावे. भंगारात तर कदापि देऊ नये. तालहोफरने लिहिले म्हणून तेथील डाव आज कळतात. आपल्याकडील पुष्कळसे गुरुमुखातून आले आणि गुरूंबरोबरच गेले. जे उरले आहे, ते तरी पुढील पिढीच्या हाती खुणेसह द्यावे, एवढे सांगून लेखणी ठेवतो.