नाणेफेक आणि ५०६ मुले

१/ १९३९ साली अमेरिकेत, बोस्टनलगतच्या केंब्रिज आणि सोमरव्हिल या शहरांच्या कामगार वस्त्यांत एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. लहान वयातच मुलांना मायेचा आधार मिळाला, तर ती पुढे गुन्हेगारीकडे वळणार नाहीत, अशी त्यामागची आशा होती.

२/ कल्पना डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट यांची. ३,००० शवविच्छेदनांचा अभ्यास करून डॉक्टरांची निदाने कुठे चुकतात, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले होते. समाजसेवकांनीही आपल्या मदतीचा परिणाम तपासून पाहावा, असे आवाहन त्यांनी १९३१ मध्ये केले.

३/ दिवंगत पत्नीच्या नावाने उभारलेल्या प्रतिष्ठानातून या प्रयोगाला पैसा मिळाला. वय, स्वभाव, घरची परिस्थिती जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यायची, हे नाणेफेकीने ठरले. अखेरीस दोन्ही गटांत २५३ मुले राहिली.

४/ समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा घरी येत. कोणाला शिकवणी, कोणाला वैद्यकीय वा मानसोपचार, कोणाला उन्हाळी शिबिर. ही साथ सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ टिकली. कॅबट १९३९ मध्येच निवर्तले. काम मात्र १९४५ पर्यंत चालले.

५/ १९५१ च्या अहवालात दोन्ही गटांतील गुन्ह्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. एरवी प्रकरण इथेच मिटले असते.

६/ परंतु १९७५ च्या सुमारास संशोधिका जोन मॅकॉर्ड यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या अनुदानावर या मुलांचा पुन्हा माग काढला. मुले आता मध्यमवयीन पुरुष झाली होती. न्यायालये, रुग्णालये आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळल्या गेल्या. हयात असलेल्यांना प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या.

७/ मदत मिळालेल्यांपैकी उत्तर देणाऱ्या सुमारे दोनतृतीयांश जणांनी त्या दिवसांचा आपल्याला उपयोग झाला, असे कळवले. अनेकांनी आपल्या समुपदेशकांची कृतज्ञतेने आठवण काढली.

८/ नोंदी मात्र निराळे सांगत होत्या. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार आणि अकाली मृत्यू या बाबतींत मदत मिळालेला गटच अधिक वाईट स्थितीत होता.

९/ असे का घडले? परावलंबित्व, वाढलेल्या अपेक्षा आणि त्यातून आलेली निराशा, अशी कारणे मॅकॉर्ड यांनी सुचवली. पुढील विश्लेषणात एक धागा हाती लागला: हानी प्रामुख्याने एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांत दिसत होती. बिघडलेली मुले एकमेकांच्या सहवासात अधिक बिघडली असावीत, असा तर्क मांडला गेला.

१०/ समुपदेशकांच्या हेतूत खोट नव्हती आणि मुलांची कृतज्ञताही खरी होती. पण ज्यांच्या वाट्याला काहीच आले नाही, त्या २५३ मुलांच्या नोंदी जपल्या गेल्या नसत्या आणि ३० वर्षांनी त्या पुन्हा उघडण्यासाठी कोणी पैसा दिला नसता, तर केवळ त्या कृतज्ञतेच्या आधारावर ही योजना आज यशस्वी म्हणून गौरवली गेली असती.